विचारलं की काय सांगायचं? पेगन, निसर्गपूजक की आणखी काही

गोदाकाठची

नमस्कार. हे लिहायचं लिहायचं म्हणत वर्ष गेलं. मागच्या महिन्यात एक प्रसंग घडला आणि आता राहवत नाही. थोडं लांबेल, पण कृपया पूर्ण वाचा.

मी ३४ वर्षांची. सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, मखमलाबाद रोडला आईबरोबर राहते. आजोळ दिंडोरी तालुक्यात. तिथल्या मळ्यात जुनी दगडी विहीर होती आणि तिच्या काठाशी शेंदूर लावलेले सात दगड. साती आसरा, पाण्याच्या सात देवी. सणावाराला आजी वाटीत तेल घेऊन शेंदूर कालवायची आणि करंगळीशेजारच्या बोटाने एकेका दगडाला लावायची. मग हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, केळीच्या पानावर दहीभात. सातव्या दगडाला लावून झालं की बोट पदराला पुसायची नाही, विहिरीच्या कट्ट्याला पुसायची. कट्ट्यावर त्या एकाच जागी जाड केशरी पट्टा झाला होता. एकदा मी तो नखाने खरवडला, तर आत आणखी गडद थर, त्याच्या आत आणखी एक. आजी म्हणाली, तो सगळ्यात आतला माझ्या सासूचा.

तेरा वर्षांची होते त्या नवरात्रात घट बसले त्याच दिवशी माझी पाळी आली. मला मागच्या पडवीत वेगळं बसवलं. घटाजवळ नाही आणि आसरांकडेही जायचं नाही. त्या सात जणींना मी माझ्या मनाने नावं ठेवली होती, शाळेतलं सगळं त्यांना सांगायचे. त्या बायकाच ना, मग त्यांना माझा विटाळ कसा होईल, असं मी विचारलं. मामीने गप्प केलं. आजी काहीच बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

पुढे कॉलेजात असताना नेटवर वाचलं की जगात काही लोक स्वतःला पेगन म्हणवतात, देवीला मानतात, चंद्राच्या कलांप्रमाणे पूजा करतात आणि बाईच्या रक्ताला अपवित्र समजत नाहीत. त्या रात्री मी खूप रडले. कुणीतरी मला पडवीतून आत बोलावतंय असं वाटलं.

तेव्हापासून मी माझ्या परीने करत आलेय. पौर्णिमेला गच्चीवर पितळी परातीत पाणी घेऊन बसते, चंद्र परातीच्या मधोमध येईपर्यंत. महिन्यातून एकदा सोमेश्वरच्या पुढे नदीकाठच्या एका उंबराखाली जाते; आधी तिथलं प्लास्टिक गोळा करते, मग दिवा लावते. कपाटातल्या एका फळीवर गोदावरीतला गोटा, मोरपीस, उंबराचं वाळलेलं पान आणि आजीची हिरवी बांगडी आहे. टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते काढते, पण भविष्य बघायला नाही; समोरचं चित्र बघत विचार करायला बरं पडतं. आणि चैत्रात आईबरोबर वणीला जाते. २०२२ च्या नवरात्रात सप्तशृंगीचं शेंदराचं कवच काढल्यावर मूळ रूपाचं दर्शन खुलं झालं, तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, हिचे डोळे वेगळेच आहेत गं. तिला ते स्वीकारायला वर्ष लागलं.

काही वर्षं मी युरोपातले आठ सणही पाळले. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे साउइनला, गेलेल्यांसाठी दिवा लावतात. मी आजीसाठी मेणबत्ती लावली आणि तिच्यासमोर बसले. तेव्हा ध्यानात आलं की काही आठवड्यांपूर्वीच सर्वपित्रीला आईने आजीसाठी गच्चीवर घास ठेवला होता, कावळा येईना म्हणून ती उन्हात उभी होती, आणि मी आत मोबाइल बघत होते. त्याची मला आजही लाज वाटते.

आता तो प्रसंग. एका स्थळाकडून फोन आला. मुलगा पुण्याचा, बोलायला चांगला होता. त्याने विचारलं, तुमच्याकडे देवाधर्माचं काय असतं? मला वाटलं, लपवायला नको. म्हटलं, मी पेगन आहे. त्याने "अच्छा" म्हटलं आणि दुसरा विषय काढला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने माझ्या आईला फोन करून विचारलं, मुलगी चेटूकबिटूक करते का?

स्थळ गेलं त्याचं दुःख नाही. पण आई संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, तू त्यांना काय सांगितलंस ते मला तरी नीट सांग. आणि माझ्या आईला, माझ्या भाषेत, मला एक धड वाक्य सांगता आलं नाही. निसर्गपूजक म्हणाले तर ती म्हणाली, म्हणजे झाडं लावता तसं का? एक्लेक्टिक पेगन, म्हणजे ठिकठिकाणचं वेचून आपलं करणारी, म्हटलं तर दोन्ही शब्द परके. हिंदूच आहे म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, पण मला आतून पडवी दिसते.

तर तुमच्यापैकी कुणी असं आपलं आपण वेचून करत असेल, तर तुम्ही स्वतःला काय म्हणवता? आणि जी व्यक्ती काही सोडून बाहेर पडलेलीच नाही, तिने पेगन म्हणवून घ्यावं का?

---

दंडकारण्य

मी काही वर्षं नोकरीनिमित्त इंग्लंडात होतो, तिथे एका ड्रुइड गटात, म्हणजे जुन्या केल्टिक पुरोहितांच्या वाटेने निसर्ग पूजणाऱ्यांत, नियमित जायचो. हे शब्द जवळून पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पेगन हा शब्द लॅटिन पॅगानुसवरून आला. त्याचा मूळ अर्थ खेड्यातला माणूस. ख्रिस्ती झालेल्यांनी न झालेल्यांना तो लावला, हिणवायलाच. गेल्या शतकात लोकांनी तो उचलून अभिमानाने लावून घेतला. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर शब्दातच आहे. मूळचे पेगन कुठूनच बाहेर पडलेले नव्हते. ते आपल्या विहिरीवर आणि झऱ्यावर जे करत होते तेच करत राहिले होते. आजचे युरोपातले पेगन मात्र बहुतेक बाहेर पडून परत शोधत आलेले आहेत, आणि त्यांच्या घरात आजी नाही. तुमच्याकडे आहे, हा फरक फार मोठा आहे.

विक्का हा पेगनांतलाच, स्वतःला विच म्हणवणाऱ्यांचा एक पंथ, तो वेगळा. ब्रिटनमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि त्यानंतर जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये या पंथाबद्दल उघडपणे लिहिलं. त्यांच्या परंपरेत दीक्षा असते, कोणी कोणाला दीक्षा दिली याची साखळी असते, आपल्या गुरुपरंपरेसारखी. एकट्याने करणारेही पुष्कळ आहेत, पण देव-देवीची जोडी, रिंगण आखणं, आठ सणांचं चक्र हे बहुतेक सगळे पाळतात. तुमच्या वर्णनात देव-देवीची जोडी नाही, रिंगण नाही, आणि आठ सणही आता मागे पडलेले दिसतात. म्हणून विक्कन म्हणवू नका. मी ज्या ड्रुइड परंपरेत जायचो ती संस्था रॉस निकोल्स यांनी १९६४ मध्ये काढली. आइसलंडमधल्या लोकांनी १९७२ मध्ये जुन्या नॉर्स देवांसाठी असात्रू या नावाने संघटना केली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. नाव अरुंद ठेवलं की लोकांना पटकन कळतं. पेगन हे नाव छत्रीसारखं आहे, खाली कोण उभं आहे ते लांबून दिसत नाही. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी स्वतःच्या हाताने पेगन लिहिलं आणि सुमारे १३ हजारांनी विक्का. त्या ७४ हजारांत काय काय असेल!

एक्लेक्टिक पेगन तुम्हाला चपखल बसतं, पण तो शब्द तुम्ही कसं वेचलं तेवढंच सांगतो, काय मानता ते सांगत नाही. त्यासाठी मी तुम्हाला एक विचारतो. विहिरीवरच्या आसरा तुमच्यासाठी खरोखरीच्या सात जणी आहेत, का पाण्यातल्या एकाच शक्तीची सात रूपं, का आपल्या मनाची प्रतिमा? सात जणी असतील तर तुम्ही बहुदेववादी. एकच शक्ती सगळीकडे भरलेली असेल तर सर्वेश्वरवादी. दगड, विहीर, उंबर हेच जिवंत आणि आपल्याशी नातं ठेवणारे असतील तर इंग्रजीत अ‍ॅनिमिस्ट म्हणतात. टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये तो विचार मांडला. मराठीत त्याला जडप्राणवाद म्हणतात, आणि हा शब्द मला कधीच पटला नाही. ज्या आजीने त्या दगडांना दहीभात वाढला तिच्यापुढे जाऊन दगडाला जड म्हणायची माझी हिंमत नाही.

बाहेरच्या मंडळींत एक्लेक्टिक पेगन म्हणा, लोक समजून घेतील. आईपुढे तो शब्द नेऊ नका.

---

साधा माणूस

ताई, राग मानू नका. तुम्ही लिहिलंय त्यातलं टॅरो सोडलं तर सगळं आपल्या हिंदू धर्मातच आहे. आसरा, उंबर, पौर्णिमा, पितर, देवी. आपला धर्म एवढा मोठा आहे की त्यात सगळं बसतं. हिंदू म्हणा आणि निश्चिंत राहा. आईही खूश.

---

गोदाकाठची

राग मुळीच नाही. तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय हे कळतं. पण "सगळं बसतं" म्हणताना ती पडवीही त्यातच बसते. मला ते एक वाक्य गिळता येत नाही, बाकी सगळं माझंच आहे.

दंडकारण्य, तुमच्या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला. सात जणी आहेत. प्रतिमा नाहीत. एवढं ठामपणे याआधी मी स्वतःशीही बोलले नव्हते. आभार.

---

त्रिरश्मी

"काहीही म्हणा, नावात काय आहे" असं कुणीतरी लिहील, त्याच्या आधीच मी लिहितो.

आपण नाशिकचे आहोत. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला सुरुवात झाली. माझे पणजोबा त्यात होते असं घरात सांगतात. दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला. मध्ये एकवीस वर्षं गेली. एक नाव सोडायचं ठरवलं आणि दुसरं घेण्याआधी एकवीस वर्षं वाचलं, तपासलं, विचार केला. माझी आई फॉर्मवर बौद्ध हा शब्द लिहिते तेव्हा पेन जरा दाबून लिहिते. लहानपणी मागच्या पानावर त्याचा ठसा उमटलेला मी पाहिलाय.

म्हणून ताई, घाई करू नका. दुसरं असं की आमच्याकडे नावाबरोबर बावीस प्रतिज्ञा आल्या. त्यांतल्या कितीतरी "मी हे करणार नाही, हे मानणार नाही" अशा आहेत. काय धरलं याच्याइतकंच काय सोडलं हेही त्या नावात आहे. तुमच्या यादीत गोटा आहे, बांगडी आहे, परात आहे. सोडलेलं एकच आहे, आणि तेच तुमच्या लिहिण्याचं मूळ आहे. तुमच्या नावात ते यायला हवं असं मला वाटतं.

कागदपत्रांचं म्हणाल तर काळजी नको. कोणावरही धर्म सांगायची सक्ती सरकारला करता येत नाही, कोणताच धर्म नाही असं म्हणायचा हक्क माणसाला आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. स्वतःला पटेल तेच लिहा.

---

नार पार

मी कोकणा या आदिवासी समाजाचा, सुरगाणा तालुक्यातला. सध्या नाशिकला शिकवतो. दोन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत.

पहिली, त्या "चेटूक" शब्दाबद्दल. बाहेरच्या देशांत बायका स्वतःला विच म्हणवतात, ज्यांना छळलं त्यांचं नाव आम्ही परत घेतोय असं सांगतात. त्यांचं मला समजतं. पण आमच्या भागात तो शब्द अजून हत्यार आहे. मी सहावीत होतो तेव्हा आमच्या पाड्याजवळच्या एका बाईला डाकीण ठरवलं. एका घरात लागोपाठ दोन लेकरं आजारी पडली होती, एवढंच कारण. तिच्या घरचं पाणी बंद झालं. आम्ही पोरं तिच्या अंगणातली बोरं खायचो, आम्हाला मारून तिथून हाकललं. एका पहाटे ती लेकीकडे निघून गेली, घराची कौलं लोकांनी नेली. तिच्या हातची गूळ घातलेली नागलीची भाकर मला अजून आठवते. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, आता असं कुणाला ठरवणं गुन्हा आहे, तरी भीती गेलेली नाही. म्हणून हात जोडून सांगतो, मराठीत बोलताना स्वतःला चेटकीण, विच असं काही म्हणू नका. तुम्ही शहरात निभावून न्याल. तो शब्द खेड्यात पोचतो तेव्हा दुसऱ्याच बाईच्या अंगावर पडतो.

दुसरी गोष्ट. तुम्ही आसरा तुमच्या आजीकडून घेतल्या, ते तुमचंच. पण आता शहरातली मंडळी वाघदेवाचे फोटो काढतात आणि घरी कोपऱ्यात वाघदेव मांडतात. आमचा वाघदेव गावाच्या शिवेवर असतो. लाकडावर किंवा दगडावर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले असतात. वाघबारसेला गुराखी पोरं तिथे जमतात, सगळ्यांची गुरं त्याच्या भरवशावर रानात जातात. शीव नाही, गुरं नाहीत, तर तो कुणाला राखणार? मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, रात्रभर पावरी वाजते, व्रत धरलेल्यांची पाळणूक कडक असते. ते बघायला या, जेवायला या. पण वेचून नेऊ नका. वेचून करणाऱ्याने कुठे हात आखडायचा हेही ठरवलं पाहिजे. तुम्ही तसं काही केलेलं नाही, तरी हा धागा बाकीचेही वाचतील म्हणून लिहिलं.

आणि नावांचं म्हणाल तर आमची नावं दुसऱ्यांनीच ठेवली. १९०१ च्या जनगणनेत आम्हाला अ‍ॅनिमिस्ट केलं, १९३१ ला ट्रायबल. आता सहा धर्म आणि "इतर". २०११ ला त्या इतरांत ७९ लाख लोक होते, त्यांत ४९ लाखांवर झारखंड-ओडिशाकडचे सरना धर्म मानणारे आदिवासी. त्यांनी ते नाव स्वतः लिहिलं. माझ्या आजोबांना मात्र कुणी धर्म विचारला की ते गावाचं नाव सांगायचे.

---

निफाडकर बागायतदार

आठ सणांचं वाचलं आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या सणाबद्दल मुलीने मला नेटवर वाचून दाखवलं. शेकोटी पेटवतात म्हणे, सूर्य परत यावा म्हणून.

आमचं वर्ष एप्रिलच्या खरड छाटणीला सुरू होतं. ऑक्टोबरात गोडी छाटणी, फेब्रुवारी-मार्चला माल. डिसेंबरच्या शेवटी थंडी उतरली की पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या करतो, नाहीतर मणी तडकतात. धूर वर जात नाही, वेलींच्या मांडवाखाली आडवा पसरतो आणि सगळी बाग धुक्यात असल्यासारखी दिसते. वडील घरातल्या चुलीचा विस्तव घमेल्यात घेऊन यायचे, पहिली शेकोटी त्यानेच पेटवायची. मग टोपी काढून हात जोडायचे. कुणाला, ते मी कधी विचारलं नाही. आता ते नाहीत. मी लायटरने पेटवतो, पण टोपी काढतो.

तुम्हाला सण धरायचे असतील तर इकडचे धरा एवढंच म्हणेन. मृग लागतो, पोळा येतो, घट बसतात. फेब्रुवारीच्या १ तारखेला मेंढीला दूध आलं म्हणून तिकडे सण असतो, तेव्हा आम्ही मण्यांत साखर किती उतरली ते बघत असतो.

---

ओवी

गोदाकाठची, तुला अगं-तुगं करते. माझ्या मुलीपेक्षा लहान आहेस.

चार दिवस झाले तुझं लिहिणं वाचून, उत्तर लिहायला हात उचलत नव्हता. कारण मी माझ्या मुलीला तसं बसवलंय. पंचवटीतल्या वाड्यात मागच्या जिन्याखाली एक खोली होती, तिथे. तीही तुझ्यासारखंच काहीतरी विचारत होती आणि मी तुझ्या आजीसारखीच गप्प होते. गप्प बसणाऱ्या बाईच्या मनात काय चालतं ते सांगते. आपल्याला बसवलं होतं ते आठवत असतं, आणि आता ते चूक म्हटलं तर आपले सगळे दिवस वाया गेले असं होतं. तुझी आजी तुझ्यावर रुसली नव्हती गं. काल रात्री मी मुलीला फोन करून माफी मागितली. ती अमेरिकेत असते. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, आई, झोप आता.

आता तुझ्या प्रश्नाचं. त्या मुलाने काय विचारलं होतं ते परत वाच. तुमच्याकडे देवाधर्माचं काय असतं. तू उत्तर दिलंस, मी अमुक आहे. त्याने ते विचारलंच नव्हतं. आपल्या बोलण्यात हा प्रश्न "तू कोण" असा येतच नाही. त्यांच्याकडे खंडोबाचं असतं. हिच्या माहेरी उभ्याच्या गौरी, सासरी खड्यांच्या. त्या घरातून म्हसोबाला नारळ जातो. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, तुमच्याकडे काय काय असतं? मी सांगितलं, बोडण असतं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे नसतं, तुला करायचं असेल तर कर. झालं. मी कोण आहे हे त्यांनीही विचारलं नाही आणि मीही ठरवलं नाही.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. गोदावरीतून सात खडे आणायचे, आणताना बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. तुझ्या फळीवर गोदावरीतला गोटा आहे असं वाचलं आणि मला आमच्या गौरी दिसल्या.

आईला जे करतेस ते सांग. ओळीने, करतेस तसं. आणि त्रिरश्मी म्हणतात तसं, जे करत नाहीस तेही त्याच दमात सांग. ते वगळलंस तर आईला बरं वाटेल, पण तू परत पडवीत जाशील.

---

गोदाकाठची

ओवीताई, तुमचं वाचून मी ऑफिसच्या बसमध्ये रडले. तुमच्या मुलीने झोप म्हटलं, ते तिने आईसारखं म्हटलं असं मला वाटलं.

काल संध्याकाळी आई मेथी निवडत होती. मी समोर बसून निवडायला लागले आणि सांगितलं. मी आसरांचं करते. पौर्णिमेला परातीत चंद्र बघते. उंबराखाली दिवा लावते. वणीला तुझ्याबरोबर येते. ३१ ऑक्टोबरला आजीसाठी दिवा लावते, आणि पुढच्या वर्षीपासून सर्वपित्रीला तुझ्याबरोबर गच्चीवर उभी राहीन. चेटूक करत नाही. पाळीत बाजूला बसत नाही, आणि आपल्याकडे कुणी बसलेलं मला चालणार नाही.

आई निवडत राहिली. मग म्हणाली, परातीत पाणी कुठलं घेतेस? नळाचं, म्हटलं. त्यावर काही बोलली नाही. पाळीबद्दलही बोलली नाही. रात्री झोपताना तिने विचारलं, ते सात दगड आता कुठे असतात? विहीर ढासळली तेव्हा मामाने ते बांधावर आंब्याखाली नेऊन ठेवले, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. आजी गेल्यापासून ती मळ्यात गेलेलीच नाही.

नावाचं मी एवढंच ठरवलंय. बाहेरच्या गटात एक्लेक्टिक पेगन लिहीन, कारण तिथे मला बारा वर्षं आधार मिळालाय आणि तो शब्द मी टाकणार नाही. विच हा शब्द माझ्यासाठी आजपासून बंद. नार पार, त्या बाईच्या भाकरीची आठवण आता माझ्याकडेही आहे. फॉर्मवर काय लिहायचं ते अजून सुटलेलं नाही, त्याला वेळ लागला तरी चालेल.

येत्या रविवारी आम्ही दोघी मळ्यात जातोय. आईने शेंदराची पुडी आणून ठेवलीय. आजी कुठलं तेल घ्यायची ते मात्र दोघींनाही आठवत नाही, गोडं तेल की तिळाचं, आणि किती पातळ कालवायचं. तुमच्यापैकी कुणाकडे आसरांचं असेल तर रविवारच्या आत सांगा.